कृष्णाकाठच्या आजारांचा अभ्यास कृष्णाकाठी व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय शिक्षणाची वानवा आहे, असे आता कोणी म्हणू शकणार नाही. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठ आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे महाविद्यालय आहे, साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालये वेगळीच. त्यांतून दरवर्षी शेकडो पदवीधर बाहेर पडतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी नियमाप्रमाणे प्रबंधही लिहितात. तरीही माणमधला किंवा जतमधला माणूस नेमका कशाने आजारी पडतो आणि कशाने मरतो, याचे गावपातळीवर मिळवलेले आणि वर्षानुवर्षे तपासलेले उत्तर आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती कधी आले नाही. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. रजिस्टरे भरणे आणि भरून घेणे हे या नोकरीतले निम्मे काम असते, म्हणून या विषयावर लिहीत आहे.

उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत माहितीचा तुटवडा नाही. गरोदर मातांची नोंद होते, लसीकरणाची होते, रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीचे फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात, क्षयरुग्णांची यादी असते, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल असतात. ही सारी माहिती दरमहा वर जाते आणि उद्दिष्ट किती टक्के पूर्ण झाले, एवढाच प्रश्न घेऊन खाली परत येते. तिच्यातून काय कळले, हे विचारणारे कोणी नसते, कारण ते विचारणे हे आरोग्य विभागाचे रोजचे काम नाही. ते विद्यापीठाचे काम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९ ते २०२१ मधील पाचवी फेरी जिल्हानिहाय आकडे देते आणि ते उपयोगाचे आहेत, पण जिल्ह्याची सरासरी आमच्या भागात फार फसवी ठरते. वाळवा-पलूसचा बागायती पट्टा आणि जत-आटपाडीचा दुष्काळी भाग, कराड-वाईचा नदीकाठ आणि माण-खटावचे माळरान, शिवाय पाटण-जावळीचा डोंगरी, पावसाळी मुलूख यांची एकच सरासरी काढली, तर ती यांपैकी कोणाच्याच घरची नसते. मृत्यूच्या नोंदींचे तर बोलायलाच नको. घरी मृत्यू झाला की कारणाच्या रकान्यात वृद्धापकाळ, अल्पशा आजाराने किंवा हृदय बंद पडून असे लिहिले जाते. वास्तविक प्रशिक्षित माणसाने घरच्यांशी सविस्तर बोलून लक्षणे टिपायची आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवायचे, ही पद्धत भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेत वापरली गेलेली आहे. तालुक्यातल्या निवडक गावांत ती राबवण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

मिरजेला वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे केले, वैद्यकीय मदतनीस घडवले, आणि जवळच वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. कर्नाटकातून रेल्वेने रुग्ण मिरजेला येत आणि आजही येतात. १९६२ साली मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि हे महाविद्यालय त्याला संलग्न राहिले. म्हणजे जवळपास साडेतीन दशके वैद्यक, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र ही सगळी एका विद्यापीठाच्या छताखाली होती. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत त्यामुळे एकसारखेपणा आला, हा लाभ मी नाकारत नाही. मात्र त्या दिवसापासून आमच्या भागातले वैद्यकाचे विद्यार्थी नाशिकचे झाले आणि बाकी सर्व शास्त्रांचे विद्यार्थी कोल्हापूरचे राहिले. २०२१ मध्ये साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील समूह विद्यापीठ झाले; कराडचे अभिमत विद्यापीठ आपल्या जागी स्वतंत्र आहे. चार विद्यापीठांच्या चार हद्दी एकाच कृष्णा खोऱ्यात येऊन मिळतात, आणि ज्या प्रश्नाला डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र लागतात, तो प्रश्न कोणाच्याच हद्दीत पडत नाही.

असा पहिला प्रश्न ऊसतोड मजुरांचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, तसेच आमच्याच जत-आटपाडीकडून हजारो कोयते, म्हणजे तोडकऱ्यांच्या जोड्या, कारखान्यांच्या शिवारात उतरतात. वर्षातला जवळपास अर्धा काळ ही माणसे आमच्या जिल्ह्यांत राहतात. गावाकडच्या उपकेंद्रात त्यांच्या नावापुढे स्थलांतरित असा शेरा असतो आणि येथल्या उपकेंद्राच्या रजिस्टरात त्यांचे नाव नसते. लसीकरणाचे कार्ड गावाकडे राहिलेले असते, गरोदर बाईच्या आधीच्या तपासण्या कोणाला ठाऊक नसतात, आणि खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत अशा शस्त्रक्रियांची संख्या तेरा हजारांहून अधिक निघाली. ती पाहणी बीडमध्ये झाली. ज्या शिवारांत या बायका पहाटेपासून मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून गाडीत चढवतात, ती शिवारे मात्र आमच्याकडची आहेत. तेथे शौचाची सोय काय असते, पाळीच्या दिवसांत काय होते, पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर उपचार कोठे मिळतो, हे सारे तपासायचे तर येथेच तपासावे लागेल.

याच मजुरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत उसाच्या फडात काम करणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. त्या अभ्यासात निकाराग्वातल्या लिऑन शहराच्या विद्यापीठाने मोठा वाटा उचलला. हे काही राजधानीतले विद्यापीठ नव्हे. ज्या भागात ऊस होतो, त्या भागातले आहे. कडक उन्हातले अंगमेहनतीचे काम आणि शरीरातले पाणी कमी होणे हे त्या आजाराचे प्रमुख कारण असावे, असे पुढे दिसून आले. इतर कारणांचा शोध अजून चालू आहे. मजुरांना पाणी, सावली आणि ठरावीक वेळाने विश्रांती देण्याचे उपाय तेथे त्यातूनच सुरू झाले. आमच्याकडचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि तेथल्यासारखा ऊस आधी पेटवून मग तोडण्याची रीत येथे सरसकट नाही, म्हणून तेथला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात तोड चालते, पिण्याचे पाणी फडापासून लांब असते, आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या जातात; या गोळ्यांचा अतिरेकही मूत्रपिंडाला बाधतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच त्या माणसांचे रक्त व लघवी तपासून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे ज्यावरून कळते ते द्रव्य) पाहणे ही साधी, स्वस्त तपासणी आहे. सलग तीन-चार हंगाम ती केली, तर आमच्याकडे हा धोका आहे की नाही, एवढे तरी निश्चित कळेल. नाही असे उत्तर आले, तर तेही फार मोलाचे उत्तर असेल.

ऊसतोड मजुरांच्या खोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, पोहोचता येत नाही, ही सबब मला मान्य नाही. १९९५ पासून पल्स पोलिओच्या प्रत्येक फेरीत ऊसतोड वस्त्या, वीटभट्ट्या आणि बांधकामाच्या जागा यांच्या याद्या करून फिरती पथके आम्ही पाठवलेली आहेत, आणि अशाच पथकांच्या बळावर २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दोन थेंबांसाठी जेथे जाता आले, तेथे प्रश्नावली आणि रक्ताची नळी घेऊनही जाता येते.

दुसरा प्रश्न द्राक्षबागांचा आहे, आणि मी तासगाव तालुक्यातला असल्यामुळे तो मला जवळचा आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीच्या काडीवरचे डोळे (अंकुर) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. हे काम बहुधा मजूर बायका करतात. हे द्रव्य त्वचेला आणि डोळ्यांना जाळते, आणि ते अंगात गेलेल्या माणसाने त्या सुमारास दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होणे, छातीत धडधडणे, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. पुढे घड भरेपर्यंत केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू राहतात. पाऊस लांबला तर त्यांना धरबंद राहत नाही. ट्रॅक्टरच्या ब्लोअरमागे उडणारे तुषार चालकाच्या अंगावर, शेजारच्या वस्तीवर आणि विहिरीवर पडतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या घडात औषधाचा अंश किती आहे, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अत्यंत सूक्ष्म प्रमाणापर्यंत मोजले जाते आणि मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर माल अडतो. घड पिकवणाऱ्या बागाईतदाराच्या आणि त्याच्या मजुराच्या शरीरात काय गेले, हे पाहणारी अशी कोणतीही नियमित व्यवस्था नाही. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांचा परिणाम रक्तातील कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) तपासून कळतो. ही तपासणी फवारणीच्या आधी आणि नंतर करणे, त्वचेच्या व श्वासाच्या तक्रारी हंगामभर नोंदवणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या आवाक्यातले काम आहे. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सर्वांना जाग आली. आमच्याकडे तशी दुर्घटना होण्याची वाट पाहू नये.

विट्याकडचे, खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव देशभरातल्या सराफी पेठांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. तेजाबाच्या वाफा बंद खोलीत नाकातोंडात घेऊन ते वयाच्या पन्नाशीला गावी परततात. त्यांच्या फुप्फुसांची तपासणी दिवाळीत आणि गावच्या यात्रेत, जेव्हा सगळे घरी आलेले असतात तेव्हा, सहज करता येईल. हा विषय जगातल्या दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला सुचण्याची शक्यता नाही.

महाराष्ट्रात गावात राहून झालेल्या संशोधनाने उपचार बदलल्याची उदाहरणे आहेत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन हे औषध वापरले आणि विंचवाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात खाली आणले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवले की प्रशिक्षण दिलेली गावातली बाई घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागली, तर नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी होऊ शकतात. आज आमच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात, ती पद्धत याच कामातून आली. सांगलीतही १९९२ पासून संग्राम संस्थेने एचआयव्हीच्या प्रश्नावर वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच कार्यकर्त्या केले आणि त्या कामाची दखल बाहेरच्या जगाने घेतली. ही सगळी कामे विद्यापीठांबाहेर झाली. त्या माणसांनी एकट्याने जे उभे केले, त्याला प्रयोगशाळा, संख्याशास्त्र आणि टिकाऊ पाठबळ मिळाले असते, तर आणखी किती झाले असते, असा विचार मनात येतो.

माझी मागणी एकच आहे. या भागातील विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून एक कायमचे ग्रामीण अभ्यासक्षेत्र ठरवावे. नदीकाठची काही गावे, दुष्काळी भागातली काही, डोंगरातली काही आणि एका-दोन कारखान्यांचे तोड क्षेत्र त्यात घ्यावे. प्रत्येक घराची जन्म, मृत्यू, स्थलांतर, आजार आणि व्यवसाय यांची नोंद दरवर्षी ताजी करावी, आणि हे निदान वीस वर्षे चालावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरात असे काम चालवले आहे. त्याच केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा पिढीभर पाठपुरावा केला, म्हणून आईच्या पोषणाचा आणि मुलाच्या पुढच्या मधुमेहाचा संबंध नीट कळू लागला. तीन वर्षांच्या प्रकल्पातून असे काही हाती लागत नाही. प्रकल्प संपला की माणसे जातात आणि फाईल कपाटात राहते.

यासाठी लागणारी बरीच साधने आज हाताशी आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमाने एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करायचा असतो. सध्या ही कुटुंबे जवळच्या सोयीच्या गावातली निवडली जातात आणि विद्यार्थी पास झाला की त्याचे जर्नल संपते. तीच कुटुंबे पुढच्या तुकडीकडे सोपवली आणि नोंदीचा नमुना सर्व महाविद्यालयांनी एकच ठेवला, तर खर्च न वाढवता दहा वर्षांची साखळी तयार होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. त्यासाठीचे विषय या अभ्यासक्षेत्रातून सुचवता येतील. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही आता क्षेत्र प्रकल्प करावे लागतात, आणि अनेक ठिकाणी ते कसेबसे उरकले जातात, हे पालकांना माहीत आहे. संख्याशास्त्राच्या मुलांनी नमुना काढावा, रसायनशास्त्राच्या मुलांनी विहिरीचे पाणी तपासावे, समाजशास्त्राच्या मुलींनी खोप्यांवर जाऊन बायकांशी बोलावे. साताऱ्याला तर कर्मवीर अण्णांची, म्हणजे भाऊराव पाटलांची, कमवा आणि शिका ही परंपराच आहे. गरीब घरच्या विद्यार्थ्याला बागकाम किंवा कार्यालयातले काम देण्याबरोबर प्रशिक्षित सर्वेक्षक म्हणून मानधन दिले, तर त्याच्या शिक्षणाचा खर्च निघेल आणि जिल्ह्याला विश्वासार्ह माहिती मिळेल. हे अण्णांच्या विचाराला धरूनच होईल, असे मला वाटते.

काही शंका रास्त आहेत आणि त्यांचे निरसन आधी झाले पाहिजे. फवारणीच्या परिणामांची चर्चा झाली, तर द्राक्षाचे नाव खराब होईल, अशी भीती बागाईतदारांना वाटते. त्यांच्या कर्जाचा आणि भावाचा विचार केला, तर ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण फवारणी करणारा पहिला माणूस बहुतेक वेळा बागेचा मालकच असतो, म्हणून द्राक्ष बागाईतदारांच्या संघटनेला सुरुवातीपासून सोबत घ्यावे. मजुरांच्या बाबतीत जबाबदारी अधिक मोठी आहे. कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या परवानगीला मजुराची संमती समजू नये. संमतीपत्र मराठीत आणि गरज असेल तेथे कन्नड व लमाणी बोलीत वाचून दाखवावे. तपासणीत आजार निघाला म्हणून कोणाचे काम जाणार नाही आणि उपचार मोफत होतील, याची हमी लेखी असावी. संशोधनाच्या नैतिकता समित्यांची नोंदणी २०१९ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. त्या समितीत मजुरांच्या बाजूने बोलणारी व्यक्ती असावी. रक्त काढून घेऊन अहवाल न देणारी शिबिरे लोकांनी फार पाहिली आहेत. त्यामुळे रक्त द्यायला माणसे कां-कूं करतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

निष्कर्ष लोकांच्या भाषेत परत यावेत, याबद्दल मी आग्रही आहे. प्रबंध इंग्रजीत असावा, त्याला हरकत नाही. जगाला तो वाचता आला पाहिजे. मात्र ज्या गावातून माहिती घेतली, त्या गावच्या ग्रामसभेपुढे दरवर्षी दोन पानांचा मराठी अहवाल विद्यार्थ्याने स्वतः वाचावा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. परीक्षकापेक्षा ही सभा अवघड असते, हे मी अनुभवाने सांगतो. विहिरीत नायट्रेट किती निघाले, हे ऐकल्यावर पाणी योजनेचे काय, असे विचारणारा गावात कोणीतरी असतोच. भावी डॉक्टरला त्या प्रश्नापुढे उभे राहावे लागले, तर आजार रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही, हे त्याला कोणत्याही व्याख्यानाशिवाय समजेल. त्याच अहवालाची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि पंचायत समितीला गेली, तर पुढच्या वर्षीचा आराखडा करताना आमच्या सेवकांना अंदाजाने आकडे घालावे लागणार नाहीत.

चारही विद्यापीठांचे कुलगुरू, दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते यांची एक बैठक येत्या गळीत हंगामापूर्वी व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. परस्पर सामंजस्य करार पुरेसा आहे. पहिल्या वर्षी फक्त एका कारखान्याच्या तोड क्षेत्रातल्या मजुरांची हंगामाच्या दोन्ही टोकांना तपासणी आणि तासगाव-मिरज भागातील दहा गावांत ऑक्टोबर छाटणीच्या काळातली पाहणी, एवढेच हाती घेतले तरी चालेल. माझ्यासारखे अनेक निवृत्त आरोग्य सेवक, सेविका आणि पर्यवेक्षक गावोगाव आहेत. त्यांना वस्त्या माहीत आहेत, माणसे ओळखतात आणि वेळ आहे. बोलावणे आले, तर खोप्यांच्या याद्या करण्यापासून आम्ही कामाला लागू.

आपला,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक
तासगाव, जि. सांगली